शिबिरात चष्म्यांच्या पेटीशेजारी कागदाची एक पट्टीही ठेवा

प्रति,
गोव्यात मोफत नेत्रतपासणी शिबिरं भरवणाऱ्या देवस्थान समित्या, पंचायती, महिला मंडळं, युवक मंडळं आणि या शिबिरांना डॉक्टर पाठवणारी इस्पितळं यांस

सप्रेम नमस्कार.

चवथ आटोपली, पाऊस ओसरला की आपल्याकडे शिबिरांचे दिवस सुरू होतात. देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या वर्गात अक्षरांचा तक्ता टांगला जातो, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, आणि जिला डोळे दाखवायला म्हापशाला किंवा बांबोळीला जाणं कधी जमलं नसतं ती आजी चालत येऊन तपासून जाते. डिचोली तालुक्यात माझी फार्मसी आहे. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर येतात. त्यामुळे तुम्ही कोणाला काय लिहून दिलंत ते मला समजतं, आणि पुढे त्या माणसाचं काय झालं तेही समजतं, कारण बरं वाटलं नाही तर तो तुमच्याकडे येत नाही, माझ्याकडे येतो.

मोतीबिंदूच्या बाबतीत तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून डोळ्यांचं शिबिर म्हणजे मोतीबिंदू आणि चष्मा असं ठरून गेलं. त्या ठरण्याचा फायदा आपल्या गावांना झाला आहे. पण चष्मा मिळूनही तक्रार न गेलेल्या बायका मला दर हंगामात भेटतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी माझ्याकडूनच दर महिन्याला आणखी एक औषध नेतात: थायरॉइडच्या गोळ्या. डोळ्यांची चिठ्ठी एका डॉक्टरची, गोळ्यांची चिठ्ठी दुसऱ्याची. पहिल्याला दुसरी माहीत नसते, दुसऱ्याला पहिली. दोन्ही चिठ्ठ्या शेजारीशेजारी पडतात त्या फक्त औषधाच्या काउंटरवर. म्हणून थायरॉइड आणि कोरडे डोळे यांच्याविषयीचं हे पत्र डॉक्टरने नाही, औषधवालीने लिहिलं आहे.

या बायकांची तक्रार ऐका. डोळ्यांत रेती गेल्यासारखं खुपतं. सकाळी पापण्या चिकटतात. पोथी वाचताना ओळ पुसट होते, दोनदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसते, मग पुन्हा पुसट. संध्याकाळी मालिकेच्या वेळी डोळे जळजळतात. स्कूटरवर मागे बसलं की घळाघळा पाणी. हे शेवटचं लक्षण सगळ्यांना फसवतं, रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही. एक काकी मला म्हणाली, “बाये, माझ्या डोळ्यांतून न्हंय (नदी) वाहते, आणि मुंबईचा डॉक्टर सांगतो डोळे कोरडे आहेत!” ती हसत होती, पण मुंबईच्या डॉक्टरचं बरोबर होतं.

डोळ्यांवर सतत असलेला ओलावा वेगळा आणि झोंबल्यावर येणारं पाणी वेगळं. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक भागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्यात आतल्या बाजूला चिकट द्रव्य, ते पाण्याला डोळ्याच्या पृष्ठभागावर धरून ठेवतं. मध्ये पाणी, ते मुख्यतः भुवईखालच्या बाहेरच्या कोपऱ्यात असलेल्या अश्रुग्रंथीतून येतं. आणि सगळ्यांत वर तेलाचा थर, तो पापणीच्या कडेला ओळीने असलेल्या बारीक ग्रंथी सोडतात. मिस्कुटाच्या बरणीत वर तेल राहिलं तर खालचा आंबा टिकतो, तसंच इथे: तेल कमी झालं की खालचं पाणी काही सेकंदांत उडून जातं. मग डोळ्यांची मज्जातंतू बोंब मारते आणि मेंदू एकदम पाणी सोडायला सांगतो. ते पाणी गालावर ओघळतं, पडदा काही नीट बनत नाही. कोरड्या डोळ्यांतून पाणी येतं ते असं.

आता थायरॉइडचा संबंध. थायरॉइडचं संप्रेरक शरीरातल्या बहुतेक ग्रंथींना लागतं, आणि अश्रुग्रंथीही त्याला अपवाद नाही. तिच्या पेशींत या संप्रेरकाला ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. थायरॉइड मंदावलेल्या माणसांच्या डोळ्यांची तपासणी केली तेव्हा अश्रूंचा पडदा लवकर फुटतो असं काही अभ्यासांत आढळलं. सगळ्या अभ्यासांचे निकाल मात्र सारखे नाहीत, हेही सांगायला हवं. पण माझ्या मते त्याहून मोठा दुवा दुसराच आहे.

आपल्याकडे थायरॉइड मंदावण्याचं मोठं कारण हाशिमोटो नावाचा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ साली त्याचं वर्णन केलं. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते. आणि जी यंत्रणा एका ग्रंथीवर उलटली ती दुसरीवरही उलटू शकते. अश्रुग्रंथी आणि लाळेच्या ग्रंथी तिच्या तावडीत सापडल्या की त्याला श्योग्रेनचा आजार म्हणतात. स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन या नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली तो मांडला. यात डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडतं, दात लवकर किडतात, सांधे दुखतात. आमच्या गिऱ्हाइकांत याची ओळख सोपी असते: चहात बुडवल्याशिवाय पाव गिळता येत नाही अशी बाई. हाशिमोटो असलेल्यांत हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि तो बायकांनाच बहुतेक होतो. हा नुसत्या थेंबांचा मामला नाही. यात रक्ततपासणी लागते, संधिवाततज्ज्ञ लागतो, आणि वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. शिबिरात अशी एक बाई ओळखली गेली तर तुमच्या दिवसाचं चीज झालं असं मी म्हणेन.

तिसरी गोष्ट पापण्यांची. थायरॉइड फार मंदावला की पापण्या सुजट दिसतात, चेहरा फुगतो. आणि थायरॉइडच्या आजारात डोळे पुढे येणं, वरची पापणी वर ओढली जाणं, झोपेत डोळा पूर्ण न मिटणं, हे जास्त करून थायरॉइडचं काम वाढलेल्यांत होतं. पण मंदावलेल्यांतही कधीकधी होतं. डोळा उघडा राहिला की रात्रभर वाळतो. वर पंखा पूर्ण वेगात. पहाटे उठल्यावर डोळा लाल.

“आम्ही रोज मासे खातो, आम्हाला कसला थायरॉइड?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता उत्तर तोंडपाठ आहे. माशांत आयोडीन असतं हे खरं, आयोडीनयुक्त मीठ घराघरात आलं हेही खरं (आगरातलं जाडं मीठ मात्र आयोडीन मिसळलेलं नसतं, लोणच्यापुरतं ठेवा). पण हाशिमोटो आयोडीनच्या कमतरतेने होत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची तपासणी केली होती. त्या आठांत मुंबई, दिल्ली, चेन्नईबरोबर गोवाही होता. आपल्या अख्ख्या राज्याला त्यांनी शहरांच्या यादीत बसवलं, असो. सुमारे ११ टक्के लोकांचा थायरॉइड मंदावलेला निघाला. किनाऱ्यावरच्या ठिकाणी प्रमाण आतल्या शहरांपेक्षा थोडं कमी होतं, फार नाही. बायकांत ते पुरुषांच्या तिपटीच्या आसपास होतं. आणि पाचांतल्या एकाच्या रक्तात थायरॉइडवर उलटणारी प्रतिपिंडं सापडली. म्हणजे तुमच्या शिबिरात शंभर बायका रांगेत असल्या तर ढोबळ हिशेबाने पंधरा जणींचा थायरॉइड मंदावलेला असणार. त्यातल्या काहींना ते माहीतही नसेल.

दुसरा आक्षेप डॉक्टरमंडळींचा, तोही ऐकलेला. गोव्याची हवा एवढी दमट, इथे कुठले कोरडे डोळे? हा आक्षेप जुलै महिन्यात, उघड्या खिडकीशी बसून केला तर चालेल. पण ज्या बाईबद्दल बोलतो आहोत ती कुठे असते? औषधांच्या कारखान्यात पाळी करते, तिथे एसी रात्रंदिवस. हॉटेलच्या लॉन्ड्रीत असते, बँकेत असते, मॉलमध्ये बिलं करते. घरी येताना दुचाकीवर हेल्मेटची काच वर करून, कारण पावसाळ्यात काचेवर धुकं धरतं. खाणीच्या भागात राहत असेल तर उन्हाळ्यात तांबडी धूळ. घरी चूल असेल तर धूर. फोनकडे बघताना पापण्या मिटणं निम्म्यावर येतं, कधी त्याहून कमी होतं. एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. बाहेरची हवा दमट असल्याने मूळची कमतरता भरून निघत नाही. ग्रंथीच कमी पाणी देत असेल तर खिडकीबाहेर किती पाऊस पडतो याने फरक पडत नाही.

तक्त्यापुढे ही बाई पास होते, अडचण तिथेच आहे. ती स्टुलावर बसते, दोनदा पापण्या मिटते, शेवटची ओळ वाचते. टॉर्चच्या उजेडात काही दिसत नाही. मागे साठजणी उभ्या. “तुमचे डोळे चांगले आहेत हो, वयामुळे होतं” म्हणून तिला जवळचा चष्मा दिला जातो. तिला बरं नाही हे तिला माहीत असतं, पण मोफत मिळालेल्या चष्म्याविषयी तक्रार करणं तिला अवघड वाटतं. मग ती माझ्याकडे येते आणि “डोळे लाल होतात, काहीतरी दे” म्हणते.

इथे आमच्या धंद्याचंही बोलायला हवं. डोळे पांढरे करणारे थेंब रक्तवाहिन्या आवळतात; परिणाम ओसरला की डोळा आधीपेक्षा लाल होतो, आणि कोरडेपणा तिथेच राहतो. त्याहून वाईट म्हणजे स्टिरॉइड मिसळलेले थेंब. पहिल्या दिवशी जादू झाल्यासारखं वाटतं. महिनोनमहिने घातले तर डोळ्यांचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो. आणि सरदीच्या (पावसाळी भाताच्या) कापणीत भाताचं पातं लागून डोळ्यात बुरशीची जखम झाली असेल, त्यावर कोणी हे थेंब दिले, तर डोळा जाऊ शकतो. ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि तरीही दिली जातात. तुमच्या शिबिरात औषधं फुकट वाटायला बसणाऱ्या मंडळींनी हे डोक्यात ठेवावं. शिबिरातून दिलेली बाटली घरात वर्षभर राहते, आणि सून, नातू, शेजारीण सगळ्यांच्या डोळ्यांत जाते. उघडल्यावर एक महिन्याने ती फेकायची असते हे बाटलीवर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत, आणि ती अक्षरं वाचायला चष्मा लागतो.

मोतीबिंदू हा तुमचा आवडता विषय. आता त्याच्याकडे येते, कारण कोरड्या डोळ्यांची तपासणी केली तर तुमच्या मोतीबिंदूच्या कामालाच फायदा आहे, आणि हे शिबिरात फारसं कोणी बोलत नाही. शस्त्रक्रियेआधी डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवायला डोळ्याच्या पुढच्या भागाची गोलाई मोजतात. ते यंत्र ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावरून परत येणारा प्रकाश वाचतं. पृष्ठभाग कोरडा आणि खडबडीत असेल तर माप चुकतं. मग भिंगाचा नंबर चुकतो, आणि पेशंट म्हणतो, “ऑपरेशन करूनही नीट दिसत नाही.” त्यातून शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पुढच्या भागातल्या मज्जातंतू कापल्या जातात, नंतर अनेक आठवडे परिरक्षक (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) मिसळलेले थेंब घालावे लागतात, आणि आधी थोडा कोरडा असलेला डोळा नंतर पुष्कळ कोरडा होतो. काही महिन्यांत बऱ्याच जणांचा सुधारतो. पण ज्या बाईचा थायरॉइड मंदावलेला आहे आणि जिचे डोळे आधीच कोरडे आहेत, तिला हे आधी सांगायला हवं, आणि आधी थेंब व पापण्यांचा शेक देऊन डोळे सुधारून मगच माप घ्यायला हवं. तीन-चार आठवडे थांबावं लागेल. बस ठरलेली असते, पलंग ठरलेले असतात, हे मला कळतं. पण तीन आठवड्यांनंतरची दुसरी बस काही अशक्य नाही.

गावात “शिबिरात ऑपरेशन केलं आणि बिघडलं” अशी एक गोष्ट पसरली की पुढच्या वर्षी चार माणसं कमी येतात. तुम्ही बॅनरवर ऑपरेशनांचा आकडा छापता, तो आकडा वाढवायचा असेल तरी हे करा. (बॅनरवर आमदारांच्या फोटोशेजारी तेवढी जागा निघेलच.)

मी मागते आहे ते फार नाही. नोंदणीच्या टेबलावर नाव, वय, गाव विचारता तिथे दोन प्रश्न वाढवा. थायरॉइडची गोळी घेता का? आणि डोळ्यांत रेती गेल्यासारखं खुपतं का, किंवा वाचताना अक्षर पुसट होऊन पापणी मिटल्यावर स्पष्ट होतं का? दोन्हींना हो म्हणणारीच्या कागदावर लाल पेनाने एक खूण करा. बस्स. हे काम स्वयंसेवक करू शकतो, आमच्या कॉलेजातल्या मुली करतात तसं.

खूण केलेल्या बायकांना रांगेतून बाजूला घेऊन कागदाची पट्टी लावा. ओटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०३ साली ही तपासणी दिली. गाळणकागदाची बोटभर पट्टी, टोकाला दुमडून खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला अडकवायची, आणि पाच मिनिटं थांबायचं. कागद दहा मिलिमीटरच्या पुढे भिजला तर पाणी पुरेसं आहे. पाचाच्या आत राहिला तर कमी आहे असं धरायचं. मधल्या आकड्यांवर डॉक्टरने विचार करायचा. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. शिबिराला येणारा नेत्र सहायक शिकवलं तर एका वेळी चार जणींना लावू शकतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधीच ही पट्टी लावायची, नाहीतर निकाल बिघडतो.

पण पट्टी चांगली भिजली म्हणून बाई खोटं बोलते असं समजू नका. तेल कमी असलेल्या डोळ्यात पाणी भरपूर असतं, टिकत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी आहे: डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या उजेडात पाहायचं, पापणी शेवटची मिटल्यापासून पडद्याला पहिलं भोक पडेपर्यंत किती सेकंद जातात. दहाच्या आत असेल तर पडदा अस्थिर. यासाठी स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून पाहायचं यंत्र लागतं, ते शिबिरात सगळीकडे नसतं. असेल तिथे ही तपासणी पट्टीच्या आधी करावी. नसेल तिथे बाईला इस्पितळात पाठवण्याची चिठ्ठी तरी लिहावी.

चिठ्ठीवर एक ओळ वाढवा अशी डॉक्टरांना माझी खास विनंती आहे: “थायरॉइडची गोळी चालू आहे, शेवटची टीएसएच तपासणी अमुक तारखेला.” कारण टीएसएच (थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक) वर गेलेला असेल तर आधी तो ठीक करायला हवा, आणि तो कशाने वर जातो हे काउंटरवरून मला रोज दिसतं. बाई सकाळी उठते, गोळी घेते, पाठोपाठ दुधाचा चहा आणि पोई. त्याबरोबरच कॅल्शियमची गोळी, कारण ती दुसऱ्या डॉक्टरने दिलेली, आणि लोहाची तिसऱ्याने. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, आणि कॅल्शियम व लोह यांच्यात आणि तिच्यात चार तासांचं अंतर हवं. नाहीतर गोळी पोटात जाते पण रक्तात पुरेशी पोचत नाही. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच बघतात. गेल्या वर्षीचा कागद पर्समधून काढून दाखवण्यात अर्थ नाही.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण काही जणी माझ्याशी भांडतात. टीएसएच ठीक आला म्हणजे डोळेही ठीक होतीलच असं नाही. गोळी संप्रेरकाची उणीव भरून काढते, उलटलेली संरक्षण यंत्रणा शांत करत नाही. त्यामुळे अहवाल उत्तम आणि डोळ्यांत रेती, असं असू शकतं. बाई नखरे करत नाही.

उपाय बऱ्याचदा साधे असतात आणि इथे मी लांबण लावत नाही: दिवसातून चारपाच वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, दहा मिनिटं कोमट फडक्याचा शेक आणि पापण्यांच्या कडेला हलकी मालिश. चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर परिरक्षक नसलेले थेंब लिहावेत, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइड हा नेहमीचा परिरक्षक डोळ्याच्या पृष्ठभागाला स्वतःच इजा करतो. ते महाग पडतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड इस्पितळात दाखल होण्याच्या वेळी उपयोगाचं; रोजच्या थेंबांचा खर्च घरातूनच जातो. म्हणून साधे थेंब पुरत असतील तिथे महागाचे लिहू नयेत, आणि जनऔषधी केंद्रात मिळत असतील तर तिथलं नाव सांगावं. हे मी माझ्या गल्ल्याविरुद्ध बोलते आहे, पण परवडलं नाही तर बाई महिन्याभराने थेंब सोडून देते, हेही मी बघते.

सगळे कोरडे डोळे थायरॉइडचे नसतात. पाळी गेल्यानंतर होतात, मधुमेहात होतात, सर्दीच्या गोळ्यांनी, काही मनाच्या औषधांनी होतात. सभेत भाषण करणारे पाहुणे “गाजर खा, अ जीवनसत्त्व वाढवा” सांगून मोकळे होतात; लहान मुलांत कुपोषणाने डोळे कोरडे पडतात ती गोष्ट वेगळी, साठीच्या बाईला गाजराने अश्रू येणार नाहीत. आणि अचानक दुखू लागलेला, उजेड सहन न होणारा, दिसणं एकदम कमी झालेला, किंवा एकाचे दोन दिसू लागलेला डोळा शिबिराची वाट बघू शकत नाही. त्याच दिवशी इस्पितळ गाठायला हवं, हे तुमच्या घोषणेत स्पीकरवरून एकदा सांगा.

इस्पितळांना वेगळी मागणी एकच. थायरॉइडच्या बाह्यरुग्ण विभागात वजन, नाडी, रक्तदाब बघता, तिथे “डोळे खुपतात का, तोंड कोरडं पडतं का” एवढं विचारावं. नेत्रविभागात उलट विचारावं. तुमच्या दोन खिडक्यांमध्ये एक जिना आहे, पण बायकांना तो सांगितल्याशिवाय दिसत नाही.

डिचोली आणि सत्तरीतल्या मंडळांनी तारीख ठरली की पंधरा दिवस आधी कळवावं. पट्ट्या आमच्याकडे तयार नसतात, पणजीहून मागवाव्या लागतात. पहिल्या शिबिराच्या पट्ट्यांचे पैसे मी घेणार नाही. नोंदणीच्या कागदात ते दोन प्रश्न छापून द्यायची तयारी आमच्या गावच्या छापखान्याने दाखवली आहे, मजकूर त्यांच्याकडे दिलेला आहे.

कळावे,

आपली,
डिचोली तालुक्यातली एक औषधविक्रेती